मुलांसाठी आर्ट थेरपी: पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

पहिल्या भेटीला येणारे आई-बाबा, आजी-आजोबा, शाळेतल्या ताई आणि सर साधारण हेच प्रश्न विचारतात. फोनवर उत्तरं देताना घाई होते, म्हणून इथे सावकाश लिहिली आहेत. मुलांचे प्रसंग सांगताना तपशील बदलले आहेत. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आर्ट थेरपी म्हणजे चित्रकलेचा क्लासच ना?

नाही. क्लासमध्ये चित्र चांगलं यावं म्हणून शिकवतात: वॉश कसा द्यायचा, सावली कुठल्या बाजूला पडते. आमच्याकडे चित्राला मार्क नसतात, आणि ते बिघडलं तर मुलाच्या हातातून ब्रश घेऊन कुणी "थांब, मी करून देते" म्हणत नाही. रंग, माती, कात्रणं, चिंध्या यांच्या आधाराने मूल मनातलं कागदावर आणतं, आणि त्याचं प्रशिक्षण घेतलेलं एक मोठं माणूस त्या वेळी त्याच्याजवळ बसलेलं असतं. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. रंगपेटी पुढे सरकवून आपण बाहेर फोनवर बोलत बसलो, तर मुलाचा वेळ छान जाईल, पण ती थेरपी नव्हे.

आमच्या मुलाला चित्र काढताच येत नाही. चालेल का?

चालेल. खरं सांगायचं तर चित्र 'येणारी' मुलं कधीकधी जास्त अवघड जातात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचं झाड: हे चित्र आपल्याकडच्या मुलांचे हात झोपेतही काढतील. त्याच्यामागे लपणं फार सोपं असतं.

आठ वर्षांच्या एका मुलीने पहिले चार आठवडे हेच चित्र काढलं. पाचव्या आठवड्यात झोपडीच्या दाराला कुलूप आलं. मी विचारलं, "किल्ली कुणाकडे असते?" ती म्हणाली, "आजीकडे. ती गावाला गेलीय." आजी तीन महिन्यांपूर्वी वारली होती. मुलगी लहान आहे म्हणून घरात सगळ्यांनी मिळून 'गावाला गेली' असं ठरवलं होतं, आणि मुलगी ते मोडत नव्हती. तिला सगळं माहीत होतं. त्या दिवशी मी कुलपाबद्दल आणखी काही विचारलं नाही. आई-बाबांशी मात्र दोन दिवसांनी बसून बोलले, कारण पुढचं काम त्यांचं होतं.

चित्राचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तर अर्थ सांगाल का?

नाही. आम्हाला सगळ्यात जास्त येणारा मेसेज हाच आहे, आणि उत्तर दर वेळी हेच असतं. चित्र म्हणजे मुलाची कुंडली नव्हे. काळा रंग वापरला म्हणजे मूल उदास, हात काढले नाहीत म्हणजे असहाय, दात दाखवले म्हणजे रागीट, असली कोष्टकं इंटरनेटवर भरपूर फिरतात. ती आधी डोक्यातून काढून टाका.

एका मुलाने अख्खं घर काळं रंगवलं होतं. बाईंनी वहीवर लाल शाईने 'पालकांनी भेटावे' लिहिलं. आई घाबरून आमच्याकडे आली. मुलाला विचारलं तर म्हणाला, "लाइट गेली होती ना काल, तेव्हाचंय." हात पाठीमागे असण्याचं कारण तर बहुतेक वेळा एवढंच असतं की बोटं काढायला अवघड जातात.

चित्रावरून मूल ओळखायचा प्रयत्न जुना आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 1926 मध्ये 'माणूस काढ' ही चाचणी मांडली. ती बौद्धिक वाढीचा अंदाज घेण्यासाठी होती, आणि बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी पुढे ती भारतीय मुलांसाठी बसवली. जॉन बक यांची घर-झाड-माणूस चाचणी 1948 ची. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ असल्या चाचण्या इतर माहितीच्या जोडीला वापरतात. चित्रातल्या एकेका खुणेवरून स्वभाव किंवा मनातला आघात ओळखणं मात्र भरवशाचं नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

तेव्हा चित्राचा अर्थ हवा असेल तर तो ज्याने काढलंय त्यालाच विचारायचा. तोही लगेच मिळेल असं नाही.

मग चित्र बघून काळजी करावी असं काहीच नसतं का?

असतं, पण आधी वयाप्रमाणे काय नेहमीचं आहे ते माहीत हवं. दोन वर्षांचं मूल गिरगोट्या करतं. तीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा डोक्यालाच पाय फुटलेले असतात, धड नसतंच. बेडकाचं पिल्लू दिसतं ते. पाच-सहा वर्षांनंतर कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आकाशाची निळी पट्टी, आणि मधे काहीच नाही. घराच्या भिंतीतून आतली खाट आणि टीव्ही दिसतो, आईच्या पोटातलं बाळही दिसतं. नऊ-दहाच्या सुमारास 'खऱ्यासारखं येत नाही' म्हणून बरीच मुलं चित्र काढणं सोडतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1940 च्या दशकात या पायऱ्या मांडल्या, आणि थोडाफार फरक धरून त्या आजही उपयोगी पडतात.

लक्ष द्यायचं ते बदलाकडे. रोज भरभरून काढणारं मूल अचानक कोपऱ्यात नखाएवढं काढू लागलं, एकच भीतीचं दृश्य आठवडेच्या आठवडे तसंच्या तसं येत राहिलं, आणि त्याच सुमाराला झोप, जेवण, शाळा, शू-शी यांतही काही बिघडलं, तर दाखवून घ्या. मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल लिहिलं-बोललं असेल तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

सेशनमध्ये नक्की काय होतं?

आमच्याकडे पाऊण तास. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तीच खोली, टेबलावर तेच डाग पडलेलं प्लॅस्टिक. हे कंटाळवाणं वाटेल, पण ज्या मुलाच्या घरात रोज काहीतरी उलटंपालटं होतंय त्याला या कंटाळ्याचीच गरज असते.

सामान आम्ही विचार करून ठेवतो. पेन्सिल आणि स्केचपेन हातात राहतात, जिथे न्याल तिथेच जातात. पाण्याचे रंग पळतात. बोटांनी लावायचा रंग आणि ओली माती तर पार ताबा सोडायला लावतात. भेदरलेल्या मुलापुढे पहिल्याच दिवशी बादलीभर ओली माती ठेवली तर ते आणखी मिटतं. त्याला टोकदार पेन्सिल, पट्टी आणि छोटा कागद बरा. उलट सगळं घट्ट धरून बसलेल्या, एकेक रेघ पाच वेळा खोडणाऱ्या मुलीला काही आठवड्यांनी ओल्या कागदावर रंगाचा थेंब सोडून बघायला आवडतं. कधी काय पुढे करायचं, हे आमच्या कामातलं निम्मं कौशल्य.

न बोलणाऱ्या मुलांसोबत मी बहुतेक वेळा रेघांचा खेळ खेळते. मी डोळे मिटून कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढते, मूल तिचं काहीतरी बनवतं, मग त्याची रेघ आणि माझी पाळी. डोनाल्ड विनिकॉट या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने हा खेळ वापरात आणला. यात प्रश्न विचारावे लागत नाहीत, आणि मोठ्या माणसालाही वेडंवाकडं काढावं लागतं, ही त्यातली गंमत. माझं कासव बघून एक मुलगा पहिल्यांदा हसला होता. "हे कासव नाहीये, ही इडली आहे," हे त्याचं या खोलीतलं पहिलं वाक्य.

मातीचं वेगळंच. आम्ही शाडू वापरतो, गणपतीच्या दिवसांत जास्तीची आणून ठेवतो. दहा वर्षांचा एक मुलगा शाळेत मारामाऱ्या करतो म्हणून आला होता. त्याने पहिला अख्खा तास माती पाटावर आपटली. नुसती आपटली. मधेच माझ्याकडे बघायचा, मी रागावते का ते. मी पाट सरकू नये म्हणून दुसऱ्या बाजूने धरून ठेवला. तिसऱ्या आठवड्यात त्या मातीची भिंत झाली, पुढे भिंतीला खिडकी. खिडकीत कोण आहे हे कळायला आणखी महिना गेला.

कोणत्या मुलांना याचा उपयोग होतो?

ज्यांच्याकडे त्रासासाठी शब्द नाहीत, किंवा शब्द आहेत पण ते उच्चारणं धोक्याचं वाटतं, त्यांना. घरातला मृत्यू, आई-वडिलांचं वेगळं होणं, अपघात, मारहाण, छळ. घरी बडबड करणारी पण शाळेत तोंडातून चकार शब्द न काढणारी मुलं. वाचन-लेखनात मागे पडल्यामुळे 'ढ' ठरलेली मुलं, ज्यांना वहीचाच धसका असतो.

दवाखान्यातल्या मुलांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे गोष्टी बारीक असतात. कॅन्सरच्या उपचारासाठी देशभरातून मुलं मुंबईत येतात. कुणाला फक्त बंगाली येतं, कुणाला भोजपुरी. रंगाला भाषा लागत नाही, हे खरंच तिथे कळतं. सलाईन उजव्या हाताला असेल तर डाव्याने काढायचं, आणि मग चित्र वाईट आलं तरी दोष हाताचा, मुलाचा नाही! पण रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलांना ओली नैसर्गिक माती देत नाहीत, वापरलेले ब्रश एकाचे दुसऱ्याला देत नाहीत. सीलबंद खडू, नवा कागद, पुसता येईल असा ट्रे. आधी सिस्टरला विचारायचं, मग पिशवी उघडायची.

स्वमग्न मुलांपैकी काहींना हा वेळ फार आवडतो, आणि काहींना हाताला चिकट लागलेलं क्षणभरही सहन होत नाही. तिथे आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टचं मत घेतो.

याने औषधं बंद होतील का?

होणार नाहीत, आणि तसं आश्वासन देणाऱ्याकडे जाऊ नका. फिट्स, तीव्र नैराश्य, भास होणं यासाठी बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ हवेतच. आम्ही त्यांच्या जोडीला.

संशोधनाने सिद्ध झालंय का?

काही अंशी. आमच्याच क्षेत्रातले लोक इथे जरा वाढवून बोलतात, म्हणून दोन उदाहरणं देते.

2016 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 39 जणांना 45 मिनिटं माती, मार्कर आणि कोलाजचं सामान दिलं. साधारण तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी झालं, आणि चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास फेसबुकवर सारखा फिरतो. पण ती सगळी निरोगी प्रौढ माणसं होती, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या 417 प्रौढांवर झालेल्या मोठ्या चाचणीत गटातल्या आर्ट थेरपीचा वेगळा फायदा दिसला नाही. तो निष्कर्ष 2012 चा. तो मात्र फारसा कुणी शेअर करत नाही.

मुलांवरचे अभ्यास बहुतेक छोटे आहेत. आघात आणि चिंता यांबाबत त्यांतले बरेच आशा वाटावी असे आहेत. छातीठोकपणे याहून जास्त मी सांगणार नाही.

ही कल्पना आली कुठून?

'आर्ट थेरपी' हे नाव 1942 मध्ये इंग्लंडमधल्या अॅड्रियन हिल या चित्रकाराने वापरलं. क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये पडून असताना तो स्वतः चित्रं काढत होता, आणि मग शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांनाही त्याने काढायला लावलं.

मुलांच्या बाबतीत मला दुसरं नाव आधी आठवतं. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही व्हिएन्नाची ज्यू चित्रकार. डिसेंबर 1942 मध्ये नाझींनी तिला टेरेझीनच्या बंदिवासात पाठवलं. तिथे मिळेल त्या कागदावर, वापरलेल्या फॉर्मच्या पाठीवर, तिने शेकडो मुलांना चित्रं काढायला शिकवलं. ऑक्टोबर 1944 मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारलं. जाण्याआधी साधारण साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवली गेली. ती आज प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत. त्यांत फुलं, फुलपाखरं, घरातलं जेवणाचं टेबल असं खूप काही आहे. बहुतेक मुलं वाचली नाहीत. फ्रीडलची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर 1938 मध्ये अमेरिकेला निसटली, आणि पुढे न्यूयॉर्क भागातल्या त्रासलेल्या मुलांसोबत काम करून तिने मुलांच्या आर्ट थेरपीचा पाया घातला.

मुलाने आत काय सांगितलं ते आम्हाला कळेल का?

सगळं नाही. काम कसं चाललंय, घरी काय बदलायला हवं, हे आम्ही वेळोवेळी सांगतो. पण "काल काय म्हणाला?" याचं शब्दशः उत्तर मिळणार नाही. चित्रही मुलाला विचारूनच दाखवतो. आईला हे ऐकून वाईट वाटतं, ते साहजिक आहे. पण आपलं बोलणं रात्री जेवणाच्या ताटावर येतं हे एकदा कळलं की मूल पुन्हा दोन डोंगर काढायला लागतं.

याला अपवाद आहेत, आणि ते आम्ही मुलालाही पहिल्याच दिवशी त्याला समजेल अशा शब्दांत सांगतो. मुलाच्या जिवाला धोका असेल तर गप्प बसत नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आमच्यावर आहे, शाळेवर आहे आणि तुमच्यावरही आहे. 'घरातली गोष्ट घरात' हे तिथे चालत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.

आमची मुलगी सोळाची आहे. रंगबिंग म्हणजे तिला बाळबोध वाटेल ना?

वाटेल. म्हणून तिच्यापुढे आम्ही खडूची पेटी ठेवत नाही. जुनी मासिकं, कात्री, फेविकॉल, काळा कागद, पांढरं पेन. काहींना फोनमधले फोटोच चालतात: 'या आठवड्यात जिथे शांत वाटलं त्या पाच जागा' एवढंच सांगायचं. एका मुलाने पाचही फोटो जिन्याचे आणले. घरात स्वतःची खोली नाही, दहावीचं वर्ष, आणि अभ्यासाला, रडायला, मित्राशी बोलायला एकच जागा, तिसऱ्या मजल्यावरचा जिना. त्याच्या बाबांना हे कळल्यावर त्यांनी काय केलं असेल? जिन्यात बल्ब लावून दिला. मला हा उपाय आमच्या कुठल्याही तंत्रापेक्षा आवडला.

या वयात मुलाची स्वतःची तयारी नसेल तर ओढून आणू नका. एकदा येऊन बघ, नाही पटलं तर नको, एवढंच सांगा आणि तो शब्द पाळा.

मी शाळेत कलाशिक्षक आहे. वर्गात हे करू का?

थेरपी करू नका, पण थेरपीतलं बरंच वापरा. साठ मुलांच्या वर्गात 'तुमच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रसंग काढा' असा विषय कृपा करून देऊ नका. कुणाचं तरी काहीतरी उघडं पडेल, आणि पुढच्या तासाची घंटा होईल. 'माझी सुरक्षित जागा', 'आज माझं हवामान' असे विषय चालतात, कारण किती आत जायचं ते मूल ठरवतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत स्मरणचित्र असतंच. बसस्टॉप, भाजीबाजार, पावसातली शाळा, ठरावीक माणसं ठरावीक जागी. परीक्षेसाठी ते करा. मधेच एखादा तास त्याच बसस्टॉपवर 'तू कुठे उभा आहेस ते काढ' म्हणून बघा, आणि ती चित्रं फळ्यावर लावू नका, मार्कही देऊ नका. एखादं चित्र टोचलं तर मुलाला सगळ्यांसमोर विचारू नका. शाळेच्या काउन्सेलरला सांगा.

थेरपिस्ट चांगला आहे हे कसं ओळखायचं?

ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव सरकारी नोंदणीशिवाय लावताच येत नाही. आपल्याकडे वीकेंडच्या कोर्सवरही पाटी लागते. म्हणून सरळ विचारा: प्रशिक्षण किती काळाचं होतं, मुलांसोबत देखरेखीखाली किती तास काम केलं, आजही कुणा वरिष्ठाशी चर्चा करता का, कुठल्या मुलांना तुम्ही नाही म्हणता. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरीकडे बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं कुणी सांगत असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका.

किती सेशन लागतील?

आम्ही आधी आठ ठरवतो, मग बसून बघतो. काहींना तेवढी पुरतात, काही वर्षभर येतात.

घरी आम्ही काय करावं?

महागडं सामान नको. मेणाचे किंवा तेलखडू, पाठकोरे कागद, जुनी चादर अंथरलेला जमिनीचा तुकडा. आणि तुम्ही स्वतः शेजारी बसून काहीतरी गिरवा. मूल काढत असताना सूचना करू नका, "झाड हिरवं असतं बाळा" म्हणू नका. झाल्यावर "वा, किती सुंदर!" हेही जरा आवरा. त्याऐवजी "मला याच्याबद्दल सांगशील?" म्हणा. काही सांगितलं नाही तर "बरं" म्हणा. हे 'बरं' मनापासून म्हणायला मोठ्या माणसांना बराच सराव लागतो, मलाही लागला.

चित्र फाडलं तर? फाडू दे. तुकडे लगेच कचऱ्यात टाकू नका, दोन दिवसांनी मागेल.

सगळं संपल्यावर चित्रांचं काय करता?

ती मुलाची असतात. प्रत्येकाच्या नावाची फाइल बंद कपाटात राहते, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत आम्ही दोघं मिळून ती पहिल्यापासून उघडून बघतो. कुणी सगळी घरी नेतं, कुणी निम्मी आमच्याकडेच ठेवायला सांगतं. माती आपटणाऱ्या त्या मुलाने भिंत नेली नाही. म्हणाला, बादलीत टाकून भिजवू या, दुसऱ्या कुणालातरी लागेल. मग आम्ही बादली आणली, आणि तो भिंत विरघळेपर्यंत बघत बसला.